तेरा वसाहतींचे एक राष्ट्र कसे झाले: अमेरिकेच्या स्थापनेचा इतिहास कसा अभ्यासावा

शाळेच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध साधारणपणे बोस्टन बंदरातील चहापासून सुरू होते आणि ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यापाशी जवळजवळ संपते. या मांडणीत तारखा बरोबर असतात, पण कार्यकारणभाव हरवतो. फ्रेंचांकडून क्वेबेक जिंकल्याच्या बातमीवर १७५९ मध्ये रोषणाई करणारे, स्वतःला अभिमानाने इंग्रज म्हणवणारे लोक सोळा वर्षांच्या आत त्याच राजसत्तेच्या फौजेवर बंदुका का रोखतात, याचे उत्तर चहाच्या पेट्यांत मिळत नाही. ते त्याआधीच्या युद्धात आणि त्या युद्धाचा खर्च कोणी भरायचा, शिवाय तो कोणी ठरवायचा, या वादात मिळते. म्हणून अभ्यासकाने या विषयाच्या दोन्ही सीमा रुंद कराव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे: आरंभ १७५४ पासून करावा आणि शेवट १७९१ पर्यंत न्यावा. पुढची रीत पदवीचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षा देणारे आणि हा भाग वर्गात शिकवणारे शिक्षक यांना डोळ्यांसमोर ठेवून सांगितली आहे.

आधी नकाशा, मग सनावळी

पहिले काम म्हणून १७५४ च्या सुमाराचा उत्तर अमेरिकेचा नकाशा हाताने काढावा. अटलांटिकच्या किनाऱ्यालगत इंग्रजांच्या वसाहतींची चिंचोळी पट्टी, तिच्या मागे उत्तर-दक्षिण पसरलेली अॅपलेशियन पर्वतरांग, पर्वतापलीकडे ओहायो नदीचे खोरे, उत्तरेला सेंट लॉरेन्स नदीकाठी फ्रेंचांचे क्वेबेक आणि माँट्रियल, दक्षिणेला स्पेनचे फ्लोरिडा, एवढे त्यात आलेच पाहिजे. ओहायोच्या खोऱ्यावर इंग्रज आणि फ्रेंच दोघेही हक्क सांगत होते, मात्र प्रत्यक्षात तेथे शॉनी, डेलावेअर, मिंगो इत्यादी मूलनिवासी राष्ट्रे राहत होती. ही नावे नकाशावर लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण ती वगळली की पर्वतापलीकडचा सारा मुलूख रिकामा भासू लागतो आणि तेथूनच चुकीच्या समजुतीला सुरुवात होते.

याच नकाशावर आणखी एक गोष्ट नोंदवावी. या भागात इंग्लंडच्या ताब्यात तेरापेक्षा बऱ्याच अधिक वसाहती होत्या. नोव्हा स्कोशिया होती, कॅरिबियन समुद्रात जमैका आणि बार्बाडोस होते, आणि १७६३ नंतर क्वेबेक व फ्लोरिडाही त्यांत आले. त्यांतल्या तेराच फुटून निघाल्या. बाकीच्या का निघाल्या नाहीत, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, कारण कोणत्याही एका कारणाची सरसकट थोरवी सांगणाऱ्या उत्तराला तो लगाम घालतो. जमैकातही कराची तक्रार होती. परंतु तेथील ऊसमळ्यांच्या गोऱ्या मालकांच्या भोवती गुलामांची संख्या कितीतरी पटींनी मोठी होती आणि उठावाच्या भीतीपोटी त्यांना राजाची फौज व आरमार जवळ हवेच होते. फौजेची गरज ज्यांना वाटेनाशी झाली, तेच तिच्या खर्चाबद्दल वाद घालू शकले.

१७५४ ते १७६३: ज्या युद्धाने सर्व बदलले

मे १७५४ मध्ये बावीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन व्हर्जिनियाची एक लहान तुकडी आणि तानाघ्रिसन या मूलनिवासी नेत्याची माणसे घेऊन ओहायोच्या दिशेने गेला असता एका फ्रेंच तुकडीशी त्याची चकमक झाली आणि तिचा प्रमुख जुमॉनव्हिल मारला गेला. या चकमकीतून पेटलेले युद्ध दोन वर्षांत युरोपातील सप्तवार्षिक युद्धाला जाऊन मिळाले. इंग्रज-फ्रेंच स्पर्धेचे हे युद्ध हिंदुस्थानातही लढले गेले आणि १७६० ची वांदिवाशची लढाई व १७६१ मधील पाँडिचेरीचा पाडाव ही त्याचीच पाने आहेत. आपल्याकडे ही लढाई आणि अमेरिकेतील क्वेबेकची लढाई दोन वेगळ्या प्रकरणांत शिकवल्या जातात. त्या एकाच तक्त्यात शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात.

या काळातील ऑल्बनी परिषद अवश्य वाचावी. जून-जुलै १७५४ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने वसाहतींच्या संघाची योजना मांडली, तुकडे झालेल्या सापाचे त्याचे व्यंगचित्र त्याच वर्षी छापून आले, आणि तरीही वसाहतींच्या विधिमंडळांपैकी एकानेही ती योजना स्वीकारली नाही. प्रत्येकीला आपल्या तिजोरीची किल्ली स्वतःकडेच हवी होती. जे लोक १७५४ मध्ये शत्रू दारात असताना एकत्र यायला तयार नव्हते ते १७७४ मध्ये एका सभागृहात बसतात. मधल्या वीस वर्षांत काय घडले हेच या अभ्यासाचे खरे प्रयोजन आहे. अमेरिकन राष्ट्र आधीपासून मनात तयार होते आणि संधी मिळताच ते प्रकट झाले, असे मानणाऱ्याने ऑल्बनीच्या अपयशाचा विचार पुन्हा करावा.

फेब्रुवारी १७६३ च्या पॅरिस तहाने कॅनडा आणि मिसिसिपीच्या पूर्वेकडील मुलूख इंग्लंडकडे आला. फ्रेंचांचे भय गेले. येथून अभ्यासकाने वहीत दोन खाती उघडावीत, एक पैशाचे आणि दुसरे जमिनीचे. पुढची पंचवीस-तीस वर्षे या दोन खात्यांत टिपत गेले म्हणजे घटनांची साखळी आपोआप जुळत जाते.

पैशाचे खाते

युद्धाच्या आरंभी सुमारे साडेसात कोटी पौंड असलेले इंग्लंडचे राष्ट्रीय कर्ज युद्ध संपताना तेरा कोटींच्या पुढे गेले होते. शिवाय जिंकलेला मुलूख राखण्यासाठी अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक ठेवायचे ठरले. इंग्लंडमधील प्रजा आधीच कराने वाकलेली होती, तेव्हा ज्यांच्यासाठी युद्ध झाले त्यांनी फौजेच्या खर्चाचा काही वाटा उचलावा, हा लंडनचा विचार अन्यायाचा होता असे म्हणता येत नाही. विद्यार्थ्यांनी ही बाजू मनापासून समजून घ्यावी. पार्लमेंटला केवळ जुलमी ठरवले की पुढे समजून घेण्यासारखे काही उरत नाही.

त्यानंतर प्रत्येक कायद्याला तीन प्रश्न विचारावेत: कर कशावर होता, तो कोणाच्या खिशातून जाणार होता आणि तो कोणी ठरवला. १७६४ च्या साखर कायद्याने परकी मळीवरील जकात गॅलनला सहा पेन्सांवरून तीनवर आणली. म्हणजे कर कमी झाला, पण वसुली कडक झाली, आणि जुनी जकात चुकवून रम गाळणाऱ्या न्यू इंग्लंडच्या व्यापाऱ्यांना खरा फटका त्या कडकपणाचा बसला. १७६५ च्या मुद्रांक कायद्याने वर्तमानपत्रे, न्यायालयीन कागद, परवाने, पंचांगवजा पुस्तिका, पत्ते आणि फासे यांच्यावर कर बसवला. इंग्लंडमध्ये असा कर १६९४ पासून होताच. मात्र वसाहतींत तो वकील, मुद्रक, व्यापारी आणि खानावळवाले यांच्यावर पडला, म्हणजे ज्यांना लिहिता-बोलता येत होते आणि ज्यांच्या ओट्यावर चार माणसे जमत होती नेमक्या त्यांच्यावर. एवढ्या मोठ्या वर्गाला एकाच वेळी दुखावणारा दुसरा कर शोधून काढणे अवघड होते.

ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे प्रतिनिधी जमले आणि आपल्या प्रतिनिधींच्या संमतीशिवाय आपल्यावर कर लादता येणार नाही, असा ठराव त्यांनी केला. हा युक्तिवाद नवा नव्हता, तो इंग्लंडच्या स्वतःच्या घटनात्मक इतिहासातून घेतलेला होता. व्हर्जिनियाचे विधिमंडळ तर १६१९ पासून भरत होते. पार्लमेंटने मार्च १७६६ मध्ये मुद्रांक कायदा मागे घेतला, पण त्याच दिवशी आणखी एक कायदा करून वसाहतींसाठी सर्व बाबतींत कायदे करण्याचा आपला अधिकार जाहीर केला. पुष्कळ नोंदींत या दुसऱ्या कायद्याला अर्धी ओळही मिळत नाही. माझ्या मते १७६५ ते १७७५ या दशकातील सर्वांत निर्णायक कागद तोच आहे, कारण त्याच्यानंतर वाद रकमेचा राहिला नाही, तो अधिकाराचा झाला, आणि रकमेवर तडजोड होते तशी अधिकारावर होत नाही.

१७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांच्यावर इंग्लंडचा अर्थमंत्री टाउनशेंड याने जकाती बसवल्या, वसाहतींनी इंग्लिश मालावर बहिष्कार घातला, ५ मार्च १७७० रोजी बोस्टनमध्ये सैनिकांच्या गोळीबारात पाच जण मेले. याच सुमारास चहाखेरीज बाकी सर्व जकाती रद्द झाल्या. चहावरची तीन पेन्सांची जकात ठेवली ती मुख्यत्वे अधिकाराची खूण म्हणून.

चहाच्या प्रकरणावर वेळ द्यावा

येथे मात्र थांबून वाचले पाहिजे, आणि मराठी वाचकाने तर विशेषच, कारण या चहामागे जी कंपनी होती ती आपल्या ओळखीची आहे. बंगालची दिवाणी १७६५ मध्ये मिळाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या अपेक्षा वाढल्या, लाभांश वाढला, आणि त्याच वेळी फौजेचा खर्चही वाढला. १७६९-७० च्या भयंकर दुष्काळात बंगाल उद्ध्वस्त झाला, १७७२ मध्ये लंडनमध्ये पतपेढ्यांवर संकट आले आणि कंपनी बुडण्याच्या बेताला आली. तिच्या वखारींत न विकलेल्या चहाचे ढीग पडून होते. तेव्हा सरकारने १७७३ मध्ये तिला चौदा लाख पौंडांचे कर्ज दिले, तिच्या हिंदुस्थानातील कारभारावर रेग्युलेटिंग कायद्याने अंकुश आणला, आणि चहा कायद्याने तिला अमेरिकेत थेट आपल्या अडत्यांमार्फत चहा विकण्याची सवलत दिली. आपल्या पाठ्यपुस्तकांतील १७७३ चा रेग्युलेटिंग कायदा आणि बोस्टनचा चहा ही एकाच संकटावरच्या उपायांची दोन अंगे आहेत. ज्या विद्यार्थ्याला हे जोडता येते त्याच्या उत्तराला वजन येते.

दोन गैरसमज येथेच काढून टाकावेत. चहा कायद्याने चहा महाग झाला नाही, उलट तो चोरट्या मार्गाने येणाऱ्या डच चहापेक्षाही स्वस्त मिळण्याची शक्यता निर्माण झाली. स्वस्त चहा घेतला की त्याच्यावरचा कर आणि पर्यायाने कर लावण्याचा अधिकार मान्य केल्यासारखे होईल, ही धास्ती होती. तिच्या जोडीला कंपनीच्या मक्तेदारीने आपला धंदा बसेल, ही स्थानिक व्यापाऱ्यांची भीती होती. दुसरा गैरसमज असा की तो चहा हिंदुस्थानचा होता. तो चीनचा होता, कँटनहून लंडनला आणलेला. आसामच्या मळ्यांचा काळ पुढच्या शतकातला. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात निदर्शकांनी तीन जहाजांवरच्या सुमारे ३४० पेट्या समुद्रात फेकल्या आणि त्याला उत्तर म्हणून पार्लमेंटने १७७४ मध्ये बोस्टनचे बंदर बंद केले व मॅसॅच्युसेट्सच्या सनदेतील अधिकार काढून घेतले.

या शिक्षेचा परिणाम लंडनच्या अपेक्षेविरुद्ध झाला. एका वसाहतीची सनद मोडता येते तर दुसरीचीही मोडता येईल, हे दक्षिणेतील तंबाखूच्या जमीनदारांनाही कळले. सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियाला जॉर्जिया सोडून बाकी बारा वसाहतींचे प्रतिनिधी जमले. ऑल्बनीत जे साधले नव्हते ते येथे साधले, आणि ते साधले पत्रव्यवहार समित्यांच्या जाळ्यामुळे, बहिष्कार गावोगाव पाळला जातो की नाही हे पाहणाऱ्या स्थानिक मंडळांमुळे. जाहीरनाम्याआधी दोन वर्षे अनेक ठिकाणी राज्यकारभार प्रत्यक्षात याच मंडळांच्या हाती गेला होता.

जमिनीचे खाते

दुसरे खाते १७६३ पासूनच सुरू होते. ओटावा नेता पाँटिअॅक आणि इतर मूलनिवासी राष्ट्रांनी इंग्रजांच्या ठाण्यांवर उठाव केला, आणि ७ ऑक्टोबर १७६३ रोजी राजाने अॅपलेशियन रांगेच्या पश्चिमेला वस्ती करण्यास मनाई केली. ज्या जमिनीसाठी आपण लढलो ती आता आपल्याला नाही, असे वसाहतींतील शेतकऱ्यांना वाटले. वॉशिंग्टनसारख्या जमीनखरेदीत गुंतलेल्या बड्यांनाही ते खुपले. १७७४ मध्ये ओहायोचे खोरे क्वेबेक प्रांताला जोडले गेले तेव्हा ही जखम पुन्हा उघडली. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्याच आज्ञेवरून जनरल सलिव्हनने इरोक्वाय संघातील राष्ट्रांची चाळीसहून अधिक गावे आणि उभी पिके जाळली. युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या तहात मिसिसिपीपर्यंतचा मुलूख नव्या राष्ट्राला मिळाला, आणि ज्यांचा तो होता त्यांचा एकही प्रतिनिधी त्या तहाच्या बैठकीत नव्हता. हा भाग परिशिष्टात ढकलू नये. करांच्या वादात वसाहती आपल्या संमतीचा आग्रह धरत होत्या, तर जमिनीच्या बाबतीत इतरांची संमती त्यांनी विचारली नाही. दोन्ही गोष्टी एकाच राष्ट्राच्या पायात आहेत आणि त्या एकाच परिच्छेदात लिहाव्यात.

जाहीरनामा वाचण्याची रीत

जाहीरनाम्याची पहिली दोन-तीन वाक्ये सर्वांना पाठ असतात. खरे काम त्यापुढच्या तक्रारींच्या यादीत आहे. सत्तावीस तक्रारी आहेत. त्यांची प्रत समोर ठेवून प्रत्येकीच्या बाजूला संबंधित कायदा किंवा घटना लिहावी. संमतीशिवाय कर, वस्तीत फौजा ठेवणे, ज्यूरीशिवाय खटले, शेजारच्या प्रांतातील इंग्लिश कायद्यांची पद्धत मोडणे, भाडोत्री परकी सैन्य आणणे, यांपैकी बहुतेकांचा माग आपल्या दोन खात्यांत लागतो. ही यादी राजाविरुद्ध आहे, हे विशेष लक्षात घ्यावे. पार्लमेंटचा अधिकार वसाहतींनी तोवर मनातून नाकारलाच होता आणि राजाशी असलेला धागा एवढाच उरला होता. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टन-काँकर्डला राजाच्या फौजेशी झालेल्या चकमकीत रक्त सांडल्यावरही जुलैमध्ये त्यांनी राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला होता. राजाने ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर ठरवले. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनच्या पुस्तिकेने राजेशाहीच्याच मुळावर घाव घातला आणि त्यानंतर सहा महिन्यांत शेवटचा धागा तुटला. स्वातंत्र्याचा ठराव २ जुलैला झाला, मजकूर ४ जुलैला मंजूर झाला आणि बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या. वस्तुनिष्ठ प्रश्नांत या तारखांची गल्लत होते.

यादीतील शेवटची तक्रार दोनदा वाचावी. राजाने आमच्यात अंतर्गत बंड चिथावले, असे तीत म्हटले आहे. त्यामागे नोव्हेंबर १७७५ मधील व्हर्जिनियाच्या गव्हर्नरची घोषणा आहे, जिच्यात बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील त्यांना मुक्त करण्याचे वचन होते. त्याच वाक्यात मूलनिवासींना निर्दय रानटी म्हटले आहे. जेफरसनने लिहिलेल्या जाहीरनाम्याच्या मूळ मसुद्यात गुलामांच्या व्यापारावर टीका करणारा परिच्छेद होता, तो काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, काढून टाकला. तेव्हा या वसाहतींच्या लोकसंख्येत साधारण पाचांतला एक माणूस कृष्णवर्णीय होता आणि त्यांतले बहुसंख्य गुलाम होते.

युद्धाला किती पाने द्यावीत

थोडी. लढायांची लांबलचक यादी पाठ करण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर १७७७ मधील वसाहतींच्या सैन्याचा सॅराटोगाचा विजय, त्यामुळे फेब्रुवारी १७७८ मध्ये झालेली फ्रान्सशी मैत्री आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या सैन्याने पत्करलेली शरणागती, ही तीन स्थळे पुरेशी आहेत. यॉर्कटाउनला फ्रेंच आरमाराने समुद्राची वाट अडवली नसती तर वेढा यशस्वी झाला नसता, एवढे ध्यानात ठेवावे.

फ्रान्सच्या प्रवेशाने हे युद्ध पुन्हा जगभर पसरले आणि येथे आपला संबंध खरोखर येतो. १७७५ पासून इंग्रज रघुनाथरावाची बाजू घेऊन पुणे दरबाराशी भांडत होते. १७७७ मध्ये सेंट लुबिन हा फ्रेंच पुण्याला आला आणि नाना फडणविसांनी त्याचा सत्कार केला, तेव्हा कलकत्ता आणि मुंबई दोन्हीकडे इंग्रजांची झोप उडाली. १७७९ मध्ये त्यांनी फ्रेंचांचे माहे घेतले, हैदर अली बिथरला आणि १७८० मध्ये कर्नाटकात उतरला. जानेवारी १७७९ मधील वडगावची नामुष्की आणि मे १७८२ चा सालबाईचा तह या जागतिक पटावर ठेवून पाहिले असता, इंग्रजांना एकाच वेळी किती आघाड्या सांभाळाव्या लागत होत्या ते दिसते. कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि टिपूविरुद्धच्या युद्धात परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंत फडके यांच्या फौजा त्याच्या बाजूने होत्या.

राष्ट्र युद्धानंतर घडले

सप्टेंबर १७८३ चा तह झाला तेव्हाही एकसंध राष्ट्र असे नव्हते. मार्च १७८१ पासून अमलात आलेल्या करारनाम्याने तेरा राज्यांची एक सैल मैत्री तेवढी निर्माण केली होती. त्या काँग्रेसला कर बसवता येत नव्हता, ती राज्यांकडे पैसे मागत असे आणि राज्ये ते देतीलच असे नव्हते. आयात मालावर अल्प जकात बसवण्याची दुरुस्ती एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे अडली, कारण दुरुस्तीला सर्वांचे एकमत लागे. सैनिकांचा पगार थकला, कागदी चलन मातीमोल झाले.

१७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सरकारने युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी भारी कर बसवला, तो रोकड नाण्यांत मागितला, आणि जप्त्या सुरू होताच डॅनिअल शेज या माजी सैनिकाच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी न्यायालये बंद पाडली. युद्ध, कर्ज, कर आणि बंड ही साखळी पुन्हा फिरली होती, या वेळी स्वतःच्या निवडून दिलेल्या सरकारविरुद्ध. या धक्क्याने सावध झालेल्या पंचावन्न प्रतिनिधींनी मे ते सप्टेंबर १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला बंद दाराआड नवी राज्यघटना लिहिली. केंद्राला कर बसवण्याचा अधिकार मिळाला आणि तो निवडून आलेल्या सभागृहाच्या संमतीशी बांधला गेला. त्याच घटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब मान्य झाला आणि १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालता येणार नाही, असेही ठरले. त्याच वर्षी जुलैत वायव्येकडील प्रदेशाचा कायदा झाला, ज्याने नव्या मुलखांतून जुन्यांच्या बरोबरीची राज्ये तयार होण्याची वाट आखली. जून १७८८ मध्ये न्यू हॅम्पशायर या नवव्या राज्याने मान्यता दिल्यावर घटना संमत झाली, एप्रिल १७८९ मध्ये वॉशिंग्टन पहिला अध्यक्ष झाला आणि १७९१ मध्ये नागरिकांच्या हक्कांच्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या.

उत्तर लिहिताना

अडीचशे शब्दांत उत्तर लिहायचे असल्यास १७६३ चा तह आणि कर्ज यांना पहिला परिच्छेद द्यावा, १७६६ च्या अधिकाराच्या कायद्याचा उल्लेख चुकवू नये, चहाला दोन वाक्ये द्यावीत आणि युद्ध एका वाक्यात आटोपावे. वाचवलेली जागा १७८१ ते १७८७ या वर्षांसाठी वापरावी, कारण प्रश्नात राष्ट्राची स्थापना विचारलेली असते आणि बहुतेक उत्तरे स्वातंत्र्याच्या घोषणेवर थांबतात. दीर्घ निबंधात दोन्ही खाती समांतर चालवावीत आणि ती जेथे एकमेकांना भेटतात, म्हणजे १७६३, १७७४ आणि १७८७, तेथे विस्तार करावा. वर्गात शिकवणाऱ्याने विद्यार्थ्यांचे तीन गट करून १७७४ चा प्रसंग बोस्टनचा व्यापारी, जमैकाचा मळेवाला आणि ओहायोकाठचा शॉनी नेता यांच्या बाजूने मांडायला सांगावा. मांडणी झाल्यावर प्रत्येक गटाने आपल्या बाजूला राजाकडून नेमके काय हवे होते ते एका वाक्यात फळ्यावर लिहावे.